अक्षर छान आहे

लेथ क्रमांक तीनवर आम्ही चौघं.
परेश चक आवळायचा, मेहुल हत्यार लावायचा,
जादव खिशात हात घालून नुसता उभा,
आणि माझ्या हातात जर्नल.
'बेन, तमे लखो ने,' सर म्हणायचे,
'तमारा अक्षर सरस छे.'

होतंच सरस.
दांडिया बाजारातल्या मराठी शाळेत
धारकरबाईंनी छडी समोर ठेवून
कित्त्यावर कित्ता गिरवून घेतलेलं.
त्या वळणदार अक्षरात मी लिहीत गेले:
फेरे, मिनिटाला दोनशे ऐंशी.
कापाची खोली, अर्धा मिलिमीटर.
व्यास, बावीस पूर्णांक शून्य चार.
मेहुल आकडा ओरडायचा,
मी उतरवून घ्यायचे.
तीन वर्षं मी लोखंडाचं श्रुतलेखन केलं.

जादवचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
म्हणून शेवटी त्याच्या हाती लेथ आणि माझ्या हाती पेन.

घरी आईचं शिलाई मशीन अडलं
की ती वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीने मांडायची,
आठ आण्याच्या नाण्याने झाकण उघडायची,
आतल्या दातऱ्यांमधून धागा ओढून काढायची,
तेलाचे दोन थेंब, कान लावून ऐकायचं, पुन्हा एक थेंब.
'आई, तू मेकॅनिक आहेस,' म्हटलं एकदा.
'छे गं,' ती म्हणाली,
'मी नुसती साफ करतेय.'

मकरपुऱ्यातली पहिली नोकरी.
साहेबांनी डिप्लोमा पाहिला, मग मला पाहिलं.
'बायकांची नजर बारीक असते,' म्हणाले,
आणि तपासणीच्या टेबलाशी बसवलं.
दुसऱ्यांनी कातलेलं मापायचं
आणि, अर्थातच, लिहायचं.

कौतुकावर रागावता येत नाही.
शिवी असती तर परत केली असती.
'अक्षर छान', 'नजर बारीक',
या गुळगुळीत शब्दांना
पान्हा लावायचा तरी कुठे?

जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातलं यंत्र रिकामं असे.
इस्माईलभाई डबा उघडून पाठ फिरवून बसत,
म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही असं ठरायचं.
पहिल्या दिवशी सळईवरून निळी होत,
वळत वळत निघाली कातरण,
आणि मला चकली आठवली.
त्या उपमेचाही राग आला मला.
तेवढ्यात ती मनगटावर पडली.
डाग अजून आहे.
विचारणाऱ्यांना मी तव्याचा चटका सांगत असे, खूप वर्षं.

आता त्याच वर्कशॉपात मी शिकवते.
काचेपलीकडे संगणकावर चालणारी नवी यंत्रं,
अलीकडे लेथ क्रमांक तीन, तोच जुना खडखडाट.
गेल्या मंगळवारी चौघांचा गट आला.
त्यात चार्मी पढियार,
वेणी टोपीत कोंबलेली, बाह्या कोपरापर्यंत.
बाहेरचे परीक्षक दारात, माझी घाई,
आणि तोंडातून निघून गेलं
अगदी सरांच्या चालीत,
'चार्मी, तुं लखी ले ने.'

ऐकू आलं मला. चार्मीच्या आधी मला.

ती चकवरची किल्ली न सोडता म्हणाली,
'मॅडम, मारा अक्षर बहु खराब छे.'
आणि पेन जवळच्या मुलाच्या खिशात खोचून
पुन्हा वाकली.

संध्याकाळी जर्नलांचा गठ्ठा घेऊन बसले.
तिचं उघडलं.
मोत्यांची सर.
काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.
खोटारडी!
हसू आलं, मग बराच वेळ काही तपासता आलं नाही.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात
तेलकट काळा अंगठा उमटलेला.

तिने कातलेला तुकडा टेबलावरच होता.
मायक्रोमीटर काढला, दोनदा मापला.
मग शेऱ्याच्या जागी लिहिलं:
'व्यास बावीस शून्य चार नाही, शून्य सहा आहे.
उद्या पुन्हा काप.'

अक्षराबद्दल काही लिहिलं नाही.